संगणकीय नोंदवह्यांतील सूची : त्या केव्हा व कशा काढाव्यात

तापीच्या काठाने जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे खानदेशला सुरतेशी जोडते. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर व जळगाव या परिसरांतील कित्येक कुटुंबे या मार्गाने सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागाच्या व कापडाच्या कामावर स्थिरावली. त्यांची मुले तेथेच शिकली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांच्याही शाळा चालविते. अशा कुटुंबांचे दप्तर साहजिकच दोन राज्यांत विभागलेले असते. आजोबांची शाळेतील नोंद खानदेशातील गावी, तर नातवाची सुरतेच्या शाळेत.

या जुन्या नोंदींचे मोल कोणत्या वेळी कळते, हे ग्रामीण वाचकांस सांगावयास नको. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांचा विचार करून कुटुंबाचे पूर्वीचे वास्तव्य पाहिले जाते. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील एका ओळीवर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असते. सुरतेहून रजा टाकून, एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसास खिडकीवर "संगणकात नोंद नाही" असे उत्तर मिळाले, तर त्याच्यापुढे दुसरा मार्ग राहत नाही.

पण हे उत्तर नेहमीच खरे असते काय? पुष्कळदा नोंद जागच्या जागी असते आणि बिघडलेली असते ती केवळ तिची सूची. नोंद आणि सूची यांतील भेद, तसेच बिघडलेली सूची काढून टाकण्याची योग्य रीत, यांची माहिती या लेखात दिली आहे.

सूची म्हणजे काय?

सूची ही कल्पना आपल्याकडे संगणकाबरोबर आलेली नाही. जमिनीचा किंवा घराचा व्यवहार केलेल्या प्रत्येकास "इंडेक्स टू" हा शब्द ठाऊक असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ यानुसार स्थावर मालमत्तेचे दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात. दस्त ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने ते पुस्तकात उतरतात. परंतु शोध घेणारा दस्ताचा क्रमांक घेऊन येत नाही. तो नाव सांगतो किंवा गट क्रमांक सांगतो. म्हणून याच अधिनियमाने या पुस्तकाच्या दोन सूची ठेवावयास सांगितल्या आहेत. सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावांची, तर सूची क्रमांक २ मालमत्तेच्या तपशिलाची. हा कायदा सुरतेस लागू आहे, तसाच नंदुरबारलाही.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, पुस्तक एकच असून सूची अनेक असू शकतात. सूची फाटली तर दस्त रद्द होत नाही. पुस्तक समोर ठेवून नवी सूची लिहिता येते. याउलट पुस्तक नष्ट झाले तर उरलेल्या सूचीवरून मूळ दस्त पुन्हा उभा करता येत नाही.

संगणकातील नोंदवही

अमेरिकेतील वेन रॅटलिफ या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या संगणकासाठी माहिती साठविण्याची एक आज्ञावली लिहिली. तीच पुढे डीबेस या नावाने जगभर पसरली. तिच्याच वळणावर १९८५ मध्ये क्लिपर व त्यानंतर फॉक्सप्रो या भाषा आल्या. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शासकीय कार्यालये, पतसंस्था, साखर कारखाने व व्यापारी पेढ्या यांचे हिशेब आणि याद्या या भाषांत मोठ्या प्रमाणावर लिहिल्या गेल्या. क्लिपरची परंपरा पुढे चालविणारी हार्बर ही मुक्त भाषा १९९९ पासून विकसित होत आली आहे. फॉक्सप्रोला निर्मात्या कंपनीकडून मिळणारे साहाय्य मात्र जानेवारी २०१५ मध्ये थांबले. तरीही त्या काळी भरलेल्या फायली जपून ठेवणे आणि त्यांतील मजकूर नव्या प्रणालीत नेणे हे काम संपलेले नाही.

या सर्व भाषांत मूळ नोंदी डीबीएफ या आडनावाच्या फायलीत राहतात. पहिली नोंद पहिल्या जागी, दुसरी दुसऱ्या जागी, असा त्यांचा स्वाभाविक क्रम असतो. सूची वेगळ्या फायलीत असते. डीबेसमध्ये तिचे आडनाव एनडीएक्स, क्लिपरमध्ये एनटीएक्स. फॉक्सप्रोच्या १९९१ मधील आवृत्तीपासून सीडीएक्स नावाच्या एकाच फायलीत अनेक सूची ठेवण्याची सोय झाली. त्यातील प्रत्येक सूचीस टॅग म्हणतात.

सूचीत संपूर्ण नोंद नसते. त्यात शोधाचा शब्द, उदाहरणार्थ आडनाव, आणि ती नोंद मूळ फायलीत कितव्या जागी आहे तो आकडा एवढेच असते. हे शब्द क्रमाने लावलेले असल्यामुळे शोध झटपट लागतो. शब्दकोशात शब्द पाहताना आपण पहिल्या पानापासून वाचीत जात नाही. मध्ये उघडतो, पुढे की मागे ते ठरवितो आणि उरलेल्या भागात पुन्हा मध्ये उघडतो. अशा रीतीने दर खेपेस अर्धा भाग गळत गेला, तर ६०,००० नावांतून हवे ते नाव सुमारे १६ तपासण्यांत हाती लागते. सूची नसेल तर एकेक नोंद वाचीत शेवटपर्यंत जावे लागेल. त्यास वेळ अधिक लागेल, परंतु नोंद असेल तर ती सापडल्यावाचून राहणार नाही.

सूची चुकीची का होते?

सूची ही मूळ नोंदींची सावली आहे. मूळ बदलले आणि सूची बदलली नाही, की दोहोंत अंतर पडते. याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण, सूची न उघडता नोंदी भरणे. एनडीएक्स व एनटीएक्स या स्वतंत्र फायली असतात. मूळ फाईल उघडताना त्या सोबत उघडल्या नाहीत, तर नव्या नोंदी मूळ फायलीत जातात, पण सूचीत जात नाहीत. मग नावाने शोध घेतला की संगणक "नाही" म्हणतो.

दुसरे कारण, मध्येच वीज जाणे. नोंद लिहून झाली आणि सूचीत तिचा आकडा मांडण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर सूची अर्धवट राहते.

तिसरे कारण बिघाडाचे नसून रचनेचे आहे. काही सूची "युनिक", म्हणजे एका शब्दास एकच नोंद, अशा पद्धतीने बांधलेल्या असतात. केवळ आडनावावर अशी सूची असेल, तर पहिला पाटील दिसेल आणि त्यानंतरचे सारे पाटील मूळ फायलीत असूनही सूचीतून दिसणार नाहीत. त्याचप्रमाणे काही सूचींना अट घातलेली असते. उदाहरणार्थ, केवळ सध्या शिकत असलेले विद्यार्थी. अशा सूचीतून शाळा सोडून गेलेल्याचे नाव शोधणे व्यर्थ होय.

चौथे कारण लिपीचे. पूर्वी मराठी मजकूर संगणकात निरनिराळ्या संकेतांत भरला जाई. काही ठिकाणी तो १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतात होता, तर काही ठिकाणी विशिष्ट टंकाच्या स्वतःच्या खुणांत. हा मजकूर युनिकोडमध्ये उतरविला की अक्षरांचे अंतर्गत आकडे बदलतात. जुन्या आकड्यांवर लावलेली सूची त्यानंतर उपयोगाची राहत नाही. ती काढून नवी बांधणे हाच उपाय असतो.

काढावयाचे काय आणि राखावयाचे काय?

सूची काढणे म्हणजे शोधाचा मार्ग काढणे होय. मूळ नोंदीतील एकही अक्षर त्यामुळे हलत नाही. तथापि या भाषांतील काही आज्ञांची नावे कानास सारखी लागतात आणि त्यांचे परिणाम मात्र सर्वस्वी वेगळे आहेत. म्हणून पुढील भेद प्रत्येक लिपिकाने ध्यानी ठेवावा.

"सेट ऑर्डर टू झीरो" या आज्ञेने सूची काढली जात नाही. ती बाजूला राहते आणि नोंदी स्वाभाविक क्रमाने दिसू लागतात. कागदी नोंदवहीवरून ओळीने नोंदी उतरविल्या असतील, तर हाच नोंदवहीचा क्रम होय.

"डिलीट टॅग" या आज्ञेने नाव दिलेली सूची काढली जाते. "डिलीट टॅग ऑल" म्हटले की त्या फायलीतील सर्व सूची जातात.

नुसती "डिलीट" ही आज्ञा मात्र सूचीवर नव्हे, नोंदीवर चालते. तिने नोंदीवर "रद्द" अशी खूण होते. ही खूण "रिकॉल" या आज्ञेने मागे घेता येते. परंतु त्यानंतर "पॅक" ही आज्ञा दिली, तर खूण केलेल्या नोंदी फायलीतून कायमच्या जातात. "झॅप" या आज्ञेने तर सर्वच नोंदी जातात. सूचीच्या दुरुस्तीत पॅक व झॅप यांचे काहीही काम नाही.

आणखी एक दक्षता. मूळ फायलीसोबत कधीकधी डीबीटी किंवा एफपीटी आडनावाची फाईल असते. शेरा, पत्ता, कारण असा लांबलचक मजकूर तिच्यात साठविलेला असतो. जागा मोकळी करताना हीसुद्धा एखादी सूची असावी अशा समजुतीने ती पुसली, तर तो मजकूर गेला. सूची पुन्हा बांधता येते. हा मजकूर पुन्हा बांधता येत नाही.

सूची काढण्याची रीत

पुढील क्रम सर्वसाधारणपणे सर्व ठिकाणी उपयोगी पडेल.

१. प्रथम प्रत काढावी. मूळ डीबीएफ, तिच्यासोबतची डीबीटी अथवा एफपीटी आणि असलेल्या सर्व सूची यांची प्रत वेगळ्या साधनावर घेऊन ती उघडते याची खात्री करावी. पुढील सर्व काम शक्यतो प्रतीवर करून पाहावे.

२. सूचीची घडण लिहून ठेवावी. सूची कोणत्या शब्दावर लावली आहे, तिला अट आहे काय आणि ती युनिक आहे काय, ही माहिती सूचीच्याच फायलीत असते. सूची गेली की ही माहितीही जाते. फॉक्सप्रोमध्ये "डिस्प्ले स्टेटस" या आज्ञेने, तर क्लिपर व हार्बरमध्ये "ऑर्डकी" या फलनाने शोधाचा शब्द कळतो. तो कागदावर उतरवून फायलीस लावावा.

३. फाईल एकट्याने उघडावी. एकाच वेळी अनेक यंत्रांवरून ती फाईल वापरात असेल, तर फॉक्सप्रो टॅग काढू देत नाही. "यूज" या आज्ञेसोबत "एक्स्क्लुझिव्ह" हा शब्द लावावा. हे काम कार्यालयीन वेळेनंतर केलेले बरे.

४. नोंदींची मोजणी करावी. "रेककाउंट" हे फलन मूळ फायलीतील एकूण नोंदी सांगते. त्यात रद्दची खूण असलेल्या नोंदीही येतात. सूचीचा क्रम लावून एकेक नोंद पुढे जात मोजली आणि आकडा कमी आला, तर सूची अपुरी आहे, किंवा ती अटीची अथवा युनिक आहे, किंवा रद्द नोंदी लपविल्या आहेत, असे समजावे. कारण कोणते, हे ठरवूनच पुढे जावे.

५. सूची काढावी. फॉक्सप्रोमध्ये "डिलीट टॅग" ही आज्ञा आहे. क्लिपरच्या नंतरच्या आवृत्त्यांत व हार्बरमध्ये "ऑर्डडिस्ट्रॉय" हे फलन तेच काम करते. एनडीएक्स किंवा एनटीएक्स फायलीत एकच सूची असते. तेथे "सेट इंडेक्स टू" एवढीच आज्ञा देऊन सूची प्रथम बंद करावी आणि मग ती फाईल पुसावी.

सीडीएक्स फाईल मात्र बाहेरून परस्पर पुसू नये. मूळ फायलीच्या नावाचीच सीडीएक्स असेल, तर तशी सूची सोबत आहे ही खूण डीबीएफच्या शीर्षभागात केलेली असते. सूची नाहीशी झाली व खूण राहिली, की पुढच्या वेळी फाईल उघडताना संगणक अडून बसतो आणि कर्मचाऱ्यास मूळ फाईलच खराब झाली असे वाटते. आज्ञेने सर्व टॅग काढले असता सीडीएक्सही जाते आणि ही खूणही पुसली जाते.

६. सूची नव्याने बांधावी. लिहून ठेवलेल्या घडणीप्रमाणे "इंडेक्स ऑन" ही आज्ञा द्यावी. "रीइंडेक्स" ही आज्ञा सोपी वाटते, परंतु ती जुन्या सूचीच्या शीर्षभागावर विसंबते. तो भागच बिघडला असेल तर रीइंडेक्सने दोष तसाच राहतो. म्हणून बिघाडाची शंका असेल तेथे जुनी सूची समूळ काढून नवी बांधणे हाच खात्रीचा मार्ग होय.

७. पुन्हा मोजणी करावी आणि कागदी नोंदवहीतील काही नावे, विशेषतः अगदी पहिली, अगदी शेवटची आणि एकाच आडनावाची, शोधून पाहावीत.

येथे कोणी विचारील की, सूची नुसती बाजूला ठेवून ओळीने शोध घेतला तर काय बिघडले? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. परंतु फॉक्सप्रोत ओळीने शोध घेण्याची "लोकेट" ही आज्ञादेखील वेळ वाचविण्यासाठी उपलब्ध टॅगचा आधार घेऊ शकते. टॅग बिघडलेला असेल तर या शोधाचे उत्तरही चुकू शकते. म्हणून अशा वेळी आज्ञेस "नोऑप्टिमाइझ" हा शब्द जोडावा किंवा प्रतीवरील सर्व टॅग काढून मगच शोध घ्यावा.

मराठी वर्णक्रमाचा प्रश्न

नवी सूची बांधताना शिक्षकांनी व लिपिकांनी एका गोष्टीची जाण ठेवावी. संगणक अक्षरे ओळखतो ती त्यांच्या आकड्यांनी. युनिकोडमध्ये "ळ" हे अक्षर "ल" च्या लगेच पुढे व "व" च्या आधी येते. आपल्या वर्णमालेत "ळ" चे स्थान "ह" नंतर असून "क्ष" आणि "ज्ञ" शेवटी येतात. युनिकोडला मात्र "क्ष" हा "क" आणि "ष" यांचा संयोग दिसत असल्यामुळे "क्षीरसागर" हे आडनाव "क" च्या कुळात जाते. छापील यादीत ते "ह" च्या पुढे शोधणारा माणूस "नाव नाही" म्हणून परत फिरतो. तेव्हा यादी कोणत्या क्रमाने लावली आहे ते तिच्या माथ्यावर लिहावे.

खिडकीच्या दोन्ही बाजूंस

हे सर्व ज्ञान तंत्रज्ञाचे असले, तरी त्यातील एक गोष्ट कार्यालयातील प्रत्येकाने जाणली पाहिजे. सूचीतून नाव न मिळणे हा नोंद नसल्याचा पुरावा नव्हे. "अभिलेखात नोंद आढळत नाही" असे लेखी देण्यापूर्वी सूची बाजूला ठेवून मूळ फाईल ओळीने पाहावी. तेथेही नसेल तर कागदी नोंदवही काढून पाहावी. कागदावरून संगणकात उतरविताना एखादी ओळ सुटलेली असू शकते. यासाठीच संगणकीकरण झाले म्हणून दप्तराचे रुमाल मोडीत काढू नयेत.

नागरिकांनीही अर्ज करताना केवळ नाव सांगून थांबू नये. शाळेत नाव घातल्याचे वर्ष, जन्मतारीख, वडिलांचे नाव, गावाचे नाव, आणि मिळत असेल तर जुन्या दाखल्यावरील नोंदणी क्रमांक द्यावा. नावाची सूची बिघडली असेल तर नोंदणी क्रमांकाच्या किंवा जन्मतारखेच्या सूचीवरून तीच नोंद सापडू शकते. आडनाव पूर्वी निराळ्या प्रकारे लिहिले जात असेल तर तेही सांगावे. दूरवरून येणाऱ्यांनी, विशेषतः सुरतेसारख्या परराज्यातील शहरांतून येणाऱ्यांनी, हा तपशील निघण्यापूर्वीच जमविल्यास खेप वाया जाण्याचा संभव कमी होईल.

मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी आपल्याकडील जुन्या फायलींची एकदा पाहणी करून घ्यावी. मूळ फायली कोणत्या, सोबतच्या मजकुराच्या कोणत्या आणि सूची कोणत्या, याची टाचणी करून ती दप्तरात ठेवावी. सूची कितीही वेळा काढून कितीही वेळा बांधता येतात. त्यासाठी लागतो तो थोडा वेळ. मूळ नोंद मात्र एकदाच झालेली असते, आणि ज्याची ती नोंद आहे त्याच्या हक्काचा आधार पुष्कळदा तेवढाच असतो.